ट्रॅक्टरचं बॉनेट खडखडतंय, वाकडं बसतंय? आधी बूड बघा, खटका शेवटी



रब्बीच्या मशागतीला आता ट्रॅक्टर रोज आठ-दहा तास चालणार. या दिवसांत सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो, "बॉनेटचा आवाज फार येतोय, काय करावं?" बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर गाण्यांचा आवाज वाढवतात, नाहीतर बॉनेट बाइंडिंग तारेनं आवळून टाकतात. दोन्ही उपायांनी खडखड तेवढ्यापुरती ऐकू येत नाही. आतली झीज मात्र चालूच राहते.

हे काम घरच्या घरी, साध्या पान्यांनी, दोन माणसांत होण्यासारखं आहे. मेसेज थोडा मोठा आहे. सवडीनं वाचा आणि सेव्ह करून ठेवा.

*👉 मुख्य मुद्दा*
बॉनेट ज्यावर बसतं ते बूड आधी तपासा. मग बिजागऱ्या, मग रबर, आणि लॉकचा खटका सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. बॉनेट लागत नाही म्हणून पहिल्यांदा खटकाच वाकवतो. खटक्याचं काम बॉनेट धरून ठेवण्याचं आहे. वाकडं बॉनेट ओढून सरळ करायचं काम त्याचं नाही. तसं केलं की पत्रा ताणात राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत बिजागरीपाशी चीर जाते.

*🔊 आवाज येतो कुठून?*

बॉनेट म्हणजे मोठा आणि पातळ पत्रा. ताटावर चमचा मारला तर ताटाचा ठरलेला नाद येतो, तशी प्रत्येक पत्र्याची स्वतःची एक थरथर असते.

आता इंजिन बघा. ३ सिलिंडरच्या इंजिनात फ्लायव्हीलच्या दर दोन फेऱ्यांत ३ ठोके पडतात. ट्रॅक्टर ८०० आरपीएमवर आयडलला उभा असेल तर मिनिटाला १२०० म्हणजे सेकंदाला २० ठोके झाले. रेस १५०० ला नेली की सेकंदाला साडेसदतीस. ज्या रेसला इंजिनाचे ठोके पत्र्याच्या थरथरीशी जुळतात, त्या रेसला पत्रा जोरात हलतो. म्हणून बऱ्याचदा बॉनेट एका ठरावीक रेसलाच वाजतं आणि रेस वाढवली की गप्प होतं.

ते गप्प झालं म्हणजे बरं झालं, असं नाही. पत्रा आणि सांगाडा यांच्या मध्ये जे रबर असतं, त्याचं कामच ही थरथर खाऊन टाकण्याचं. रबर वाळलं, चपटं झालं किंवा पडून गेलं की पत्रा थेट लोखंडावर आपटतो.

*⚠️ दुर्लक्ष केलं तर काय होतं?*

१) *वायर घासते.* हलणाऱ्या पत्र्याची कड वायरिंगवर घासत राहते. वरचं प्लास्टिक गेलं की तांबं उघडं पडतं. ती बॅटरीची पॉझिटिव्ह केबल असली तर पत्र्याला लागून ठिणगी पडते. इंजिनाखाली डिझेल-ऑइलचा ओलावा, त्यावर चिकटलेला भुसा किंवा उसाचं पाचट, आणि वर ठिणगी. आग लागायला आणखी काही लागत नाही.

२) *इंजिन तापतं.* अनेक मॉडेलमध्ये बॉनेट आणि रेडिएटर यांच्या मध्ये रबराची किंवा फोमची पट्टी असते. ती फक्त आवाजासाठी नाही. इंजिनाकडची गरम हवा फिरून परत रेडिएटरच्या पुढे येऊ नये म्हणून ती असते. पट्टी गेली किंवा बॉनेट वाकडं बसलं की तीच गरम हवा पुन्हा रेडिएटरमध्ये ओढली जाते. रोटाव्हेटरवर काटा वर का चढतो ते मग कळत नाही.

३) *रेडिएटर, एअर फिल्टरला मार बसतो.* खाली बसलेलं बॉनेट रेडिएटरच्या टोपणावर किंवा फिल्टरच्या नळीवर टेकतं. नळीला भोक पडलं की गाळल्याशिवायची धूळ थेट इंजिनात जाते. चार रबरी बटणांचं काम टाळलं आणि इंजिन खोलायची वेळ आली, असा हा हिशेब आहे.

*🔍 पहिलं काम: आवाज नेमका कुठला ते शोधा*

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. न्यूट्रल, हँडब्रेक, पीटीओ बंद, अवजार जमिनीवर टेकवलेलं. बॉनेट बंद ठेवून इंजिन आयडलला सोडा. एकानं सीटवर बसून रेस हळूहळू वाढवायची. दुसऱ्यानं बाहेरून, फक्त तळव्यानं, बॉनेटच्या एकेका जागी दाबत जायचं. जिथं दाबल्यावर आवाज थांबतो, तिथलं रबर किंवा बोल्ट ढिला आहे. तिथं खडूनं खूण करा.

सायलेन्सरच्या जवळ हात नेऊ नका. उपरणं, ओढणी, पदर, सैल बाही आवरून घ्या. *इंजिन चालू असताना बॉनेटखाली हात घालायचा नाही. कोणत्याही कारणानं नाही.*

आवाजावरून साधारण अंदाज असा:

▪️ उभ्या ट्रॅक्टरला, एकाच रेसला झिणझिण: रबर गेलंय किंवा बाजूच्या पॅनेलची क्लिप ढिली.
▪️ खड्ड्यात, बांध ओलांडताना धाडधाड: पुढचे रबरी टेकू खाली बसलेत किंवा खटका सैल.
▪️ चालताना करकर: बिजागरी कोरडी किंवा पत्र्याला पत्रा घासतोय.
▪️ दाबून फरकच पडत नाही: आवाज बॉनेटचा नाही. बॅटरीची पट्टी, टूलबॉक्स, हेडलाइटचे स्क्रू, नंबर प्लेट, सायलेन्सरचा क्लॅम्प आणि पुढच्या वजनांची पिन हलवून बघा. बॉनेटच्या नावावर खपणारे बरेचसे आवाज यांचेच असतात.

*🧰 साहित्य*

१० आणि १३ नंबरचे पाने (६ आणि ८ मिमीच्या बोल्टना हेच लागतात), स्क्रूड्रायव्हर, पक्कड, ग्रीस, रुंद वॉशर, २-३ मिमी जाडीची रबरी शीट, खडू किंवा मार्कर, एक पेन्सिल, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि घरातून कणकेचा एक गोळा. कणकेचं काम पुढे येतंय.

*🛠️ दुरुस्तीचा क्रम*

इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, पूर्ण थंड होऊ द्या. वायरिंगजवळ काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा. बॉनेट उघडल्यावर टेकूचा दांडा नीट खाचेत बसवा. गॅसचा दांडा असेल आणि बॉनेट आपोआप खाली येत असेल, तर मजबूत लाकडाचा आधार देऊनच काम करा. तो दांडा खोलायचा, तापवायचा किंवा वेल्डिंग करायचा नाही. त्यात दाबानं गॅस भरलेला असतो. निकामी झाला की नवीनच घालायचा.

*पायरी १: बूड.*
रेडिएटर आणि पुढच्या जाळीचा सांगाडा हातानं हलवून बघा. रेडिएटर ज्या रबरांवर बसतो ती चेपली असतील तर सांगाडाच एका बाजूला कललेला असतो. मग वरचं बॉनेट कितीही हलवा, वाकडंच दिसणार. सांगाड्याचे छोटे बोल्ट आवळून घ्या. पुढच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटचे मोठे बोल्ट ढिले दिसले तर तिथंच थांबा. ते काम वर्कशॉपचं आहे आणि ते टाळण्यासारखं नाही.

*पायरी २: फट मोजा.*
बॉनेट बंद करून दोन्ही बाजूंच्या फटी पेन्सिलीनं तपासा. साधी पेन्सिल साधारण ७ मिमी जाड असते. एका बाजूला ती सहज जाते आणि दुसऱ्या बाजूला अडकते, म्हणजे बॉनेट अडकणाऱ्या बाजूला सरकलंय. पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी बघा. फक्त पुढे फरक असेल तर बॉनेट फिरलेलं आहे. तिन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर अख्खं बाजूला सरकलेलं आहे.

*पायरी ३: बिजागऱ्या.*
आताच्या बहुतेक एकसंध बॉनेटच्या बिजागऱ्या मागे, डॅशबोर्डजवळ असतात आणि बॉनेट पुढून वर उघडतं. बिजागरीची भोकं बऱ्याचदा लांबट असतात, ती याच कामासाठी. आधी बिजागरीच्या कडेनं मार्करनं रेघ मारा. चुकलं तर पहिल्या जागी परत येता येतं. मग बोल्ट पूर्ण काढू नका, फक्त ढिले करा. एकानं बॉनेट धरायचं, दुसऱ्यानं सरकवायचं.

अख्खं बॉनेट बाजूला सरकलं असेल तर दोन्ही बिजागऱ्या सारख्याच सरकवा. फक्त नाक फिरलं असेल तर असं करा (डावं-उजवं सीटवर बसल्यावरचं): नाक डावीकडे गेलं असेल तर डावी बिजागरी थोडी पुढे किंवा उजवी थोडी मागे. उजवीकडे गेलं असेल तर याच्या उलट.

*थोडी* म्हणजे खरंच थोडी. दोन बिजागऱ्यांत दीड फूट अंतर आणि बॉनेट साडेचार फूट लांब धरलं, तर मागे १ मिमी हलवलं की पुढे नाक ३ मिमी सरकतं. एका वेळी १ मिमी सरकवा, बोल्ट आवळा, बॉनेट लावा आणि बघा. मागची कड एका बाजूला खाली असेल तर त्या बिजागरीखाली एखादं वॉशर घाला.

भोक झिजून मोठं झालं असेल तर पत्र्याला लागून रुंद वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट असा क्रम ठेवा. रबरी बुशच्या आत लोखंडी नळी असते, ती हरवू देऊ नका. नळी नसली की बोल्ट आवळताना रबरच चेपतं आणि आठवड्यात पुन्हा ढिलं होतं. हे बोल्ट मनगटाच्या जोरानं आवळायचे. पान्याला पाइप लावून नाही. शेवटी बिजागरीला थोडं ग्रीस.

*पायरी ४: रबर.*
प्रत्येक रबरी टेकूवर वर्तमानपत्राची एक पट्टी ठेवा, बॉनेट लावा आणि पट्टी ओढा. पट्टी दाबून धरलेली लागली तर रबर ठीक. अलगद सुटली तर तिथं बॉनेट टेकतच नाही आणि आवाज तिथूनच येतो. टेकू स्क्रूचा असेल तर अर्धा फेरा वर काढा आणि चेकनट आवळा. तसाच घट्ट बसवलेला असेल तर खाली रबरी शीटचा तुकडा द्या. सगळ्या टेकूंवर पट्टी सारखीच घट्ट लागली पाहिजे.

जुन्या ट्यूबचा तुकडा तात्पुरता चालतो. पण डिझेल-ऑइल लागलं की तो फुगतो आणि मऊ पडतो, आणि सायलेन्सरजवळ जळतो. सवड मिळाली की मॉडेलचंच रबर बसवा. रेडिएटरभोवतीची पट्टी निघाली असेल तर ती आधी आणा.

*पायरी ५: कणकेची परीक्षा.*
रेडिएटरच्या टोपणावर, एअर फिल्टरवर, बॅटरीच्या टर्मिनलजवळ आणि पत्र्याच्या कडेला जिथं वायर जाते तिथं, कणकेची सुपारीएवढी गोळी ठेवा. बॉनेट अलगद लावा आणि उघडा. गोळी जेवढी उरली तेवढी आत जागा आहे. पापडासारखी चपटी झाली असेल तर तिथं बॉनेट टेकतंय. टेकू वाढवा, किंवा ती वायर-नळी क्लिप लावून बाजूला घ्या. घासलेल्या वायरवर नुसती टेप गुंडाळून भागत नाही. वरून प्लास्टिकची नळी चढवा आणि वायर पत्र्यापासून लांब बांधा. झाल्यावर कणीक पुसून काढा, नाहीतर उंदीर येतील आणि उरलेल्या वायरी ते खातील.

*पायरी ६: आता खटका.*
अडकवायच्या हुकाला थोडं ग्रीस लावा आणि बॉनेट हळू लावा. ग्रीसची खूण खटक्याच्या मधोमध पडली पाहिजे. एका कडेला पडली तर खटक्याचे बोल्ट ढिले करून तेवढाच सरकवा. लावताना हातानं सहज दाबून "खट्" आवाज यावा. लागल्यावर पुढची कड वर ओढून बघा. ती खुळखुळली नाही पाहिजे. लावायला जोर लागत असेल तर टेकू जास्त उंच झालेत, अर्धा फेरा खाली घ्या.

शेवटी बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा आणि पहिल्यासारखीच तळव्याची तपासणी पुन्हा करा. एक दिवस काम झाल्यावर सगळे बोल्ट परत एकदा बघा. नवं रबर पहिल्या दिवशी थोडं बसतं.

*🚫 हे करू नका*

❌ बॉनेट तारेनं, दोरीनं बांधून चालवणं. आग लागली किंवा पाणी उकळलं तर ते वेळेवर उघडता येणार नाही.
❌ आवाज थांबवायला जाळीत गोणपाट, कपडा कोंबणं. रेडिएटरची हवा बंद होते. गरम भागाला लागला तर कपडा पेटतो.
❌ हातोडीनं ठोकून सरळ करणं. पत्रा ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येत नाही.
❌ बॅटरी जोडलेली ठेवून बॉनेटला वेल्डिंग. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ निकष लागू झाले. या ट्रॅक्टरवर इंजिनाचा कंट्रोलर असतो आणि वेल्डिंगच्या करंटनं तो जळू शकतो. शक्यतो बॉनेट काढून बाजूलाच वेल्डिंग करून घ्या.

पत्र्याला किंवा फायबरला चीर गेली असेल तर ती जिथं संपते तिथं ३ मिमीचं भोक पाडा. चीर पुढे पळायची थांबते. मग आतून पट्टी लावून घ्या. चिरेच्या मागे ढिली बिजागरी असते, ती आधी सुधारा.

*🛻 माल वाहणारी पिकअप असेल तर*

क्रम हाच. पण इथं धोका मोठा आहे. पिकअपच्या बॉनेटच्या बिजागऱ्या काचेकडे असतात, म्हणून वेगात खटका सुटला तर वाऱ्यानं बॉनेट उडून सरळ काचेवर येतं. ड्रायव्हरला पुढचं काहीच दिसत नाही. यासाठीच पिकअपला दोन खटके असतात, एक मुख्य आणि एक बोटानं सोडायचा सुरक्षेचा.

तपासणी सोपी आहे. आतून दोरी ओढून मुख्य खटका सोडा आणि बॉनेट वर उचलायचा प्रयत्न करा. ते थोडं उचललं जाऊन अडकलं पाहिजे. सरळ उघडलं तर सुरक्षेचा खटका निकामी आहे. तो दुरुस्त झाल्याशिवाय गाडी मार्केटला काढू नका. रस्त्यात बॉनेट थरथरताना दिसलं तर "पोचल्यावर बघू" म्हणू नका. वेग हळूहळू कमी करा, कडेला घ्या, उतरून लावा. काही पिकअपना विजेचा पंखा असतो. इंजिन बंद केल्यावरही तो अचानक फिरू शकतो, म्हणून आत हात घालण्याआधी किल्ली काढा.

ट्रकवाल्या सभासदांसाठी: आपल्याकडचे बहुतेक ट्रक चपट्या तोंडाचे. त्यांची अख्खी केबिन पुढे झुकते. पुढचं झाकण, त्याची रबरं आणि बिजागऱ्या वरच्याच क्रमानं बघता येतात. पण झुकणाऱ्या केबिनचं लॉक आणि जॅक यांना घरी हात लावू नका. उचललेल्या केबिनखाली आधाराशिवाय कुणीही जायचं नाही.

*📅 सवय लावून घ्या*

दर ५० तासांनी ग्रीसिंग करतानाच बॉनेटची रबरं, बिजागऱ्या आणि खटका बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मळणीच्या आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांत रोज संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, बॉनेट उघडून आतला भुसा, पाचट झाडून काढा. त्याच वेळी एखादी घासलेली वायर नजरेला पडते.

एवढं करूनही आवाज राहिला तर ३० सेकंदांचा व्हिडिओ काढून याच नंबरवर पाठवा. आयडलला, मग थोडी रेस वाढवून, असं दोन्हीत रेकॉर्ड करा. मॉडेल आणि किती तास चाललाय तेही लिहा. तोवर ट्रॅक्टर बांधून-आवळून चालवू नका.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर भाड्यानं येतो त्यांनीही हे वाचा. आग लागली तर उभं पीक आपलं असतं. शेजारच्या सभासदाला मेसेज पुढे पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾